वकीलबाई, ती काय म्हनती?

फाट्यावर उतरून चांदे गावाला पायी जाऊन आलं की पातळाच्या काठाला कुसळं चिकटलेली असतात. घरी येऊन एक उपटावं, तर त्याच्याच शेजारी दुसरं सापडतं. आमच्या केंद्रातल्या किश्श्यांचं तसंच आहे. मैत्रिणी विचारतात, "काय गं, तुझ्या मुळशीत नवीन काय?" मी एकच सांगणार असते. पण एकाला धरून दुसरा निघतो आणि चहा गार होतो!

केंद्र हा तसा फार मोठा शब्द झाला. पौडच्या एस.टी. स्टँडमागं एक खोली, एक बाक, दोन खुर्च्या आणि एक माठ. माणसं तीन. सुमतीताई, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, त्यांनी हे सगळं सुरू केलं. हमीदभाई, बाजारपेठेतले टेलर. त्यांचा धाकटा भाऊ मनाच्या आजारानं पुण्याच्या मोठ्या इस्पितळात बरेच दिवस राहून आला, तेव्हापासून ते अर्धा दिवस मशीन बंद ठेवून आमच्याकडे येतात. आणि तिसरी मी, रोज पुण्याहून एस.टी.नं येणारी. समाजशास्त्र घेऊन बी.ए., आणि कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स होणारी.

दर गुरुवारी पुण्याहून मनाच्या आजारांचे डॉक्टर इथल्या दवाखान्यात येतात. पेशंट आणि घरची माणसं रांगेनं आत जातात. मग डॉक्टर घरच्यांशी बोलतात, घरचे डॉक्टरांशी बोलतात, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो मधल्या स्टुलावर बसून भिंतीवरची पाल बघत असतो. आम्ही त्या स्टुलावरच्या माणसाचे. डॉक्टरांचे नाही, सरकारचे नाही, घरच्यांचेही नाही.

ताईंचे नियम कडक. माणसाच्या समोर नाही, शेजारी बसायचं. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत पुढं ठेवायचं. आणि आपलं मत?

"ते पुण्याला घरी ठेवून येत जा," ताई म्हणतात. "एस.टी.त उगाच गर्दी नको."

*

मला हे काम मिळालं तेच एका दचकण्यावर.

मुलाखत चालली होती. बाहेर स्टँडवर ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि माझ्या हातातली कपबशी सुटली. फरशीवर तुकडेच तुकडे. वाटलं, संपलं!

ताईंनी शांतपणे विचारलं, "फार घाबरतेस का गं?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायलाही धीर लागतो.

"मग चालेल. घाबरणारा माणूस दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडत नाही. सोमवारपासून ये."

मी खाली बसून तुकडे गोळा करायला लागले. हमीदभाई दारातून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. पहिल्या दिवशी मी माठ फोडला व्हता!"

*

माझा पहिला माणूस भूगावचा नामदेव. चांगला धिप्पाड, पण गोळ्या सुरू झाल्यापासून नुसता पडून. बाहेरच्या बाकावर मी त्याच्या शेजारी बसले आणि विचारलं, डॉक्टरांना काय सांगायचं?

"सांगा, ही गोळी खाल्ली की मी भुईमुगाच्या पोत्यावानी पडून ऱ्हातोय. बायकू झाडताना मला हिकडनं तिकडं सरकवती. डॉक्टरला म्हनावं, तूच खाऊन बघ!"

आत गेलो. डॉक्टर टापटीप, चष्म्यातून बघणारे.

"डॉक्टर, नामदेवरावांना औषधानं जरा सुस्ती जाणवते."

नामदेव माझ्याकडे वळला. "बाई, ह्यो कोन नामदेवराव? ह्यो मी न्हवं!"

आता आली का पंचाईत! मी डोळे मिटले आणि एका दमात सगळं म्हणून टाकलं. पोतं, बायको, झाडणं, आणि शेवटचं ते "तूच खाऊन बघ" सुद्धा. डोळे उघडले तर डॉक्टर चष्मा पुसत होते.

"खाल्लीय," ते म्हणाले. "शिकत असताना, मित्रांच्या पैजेवर. दुसऱ्या दिवशीचा पेपर झोपेत गेला."

"आन् मग मला रोज?" नामदेव ओरडला.

गोळी अर्धी झाली. पुढच्या खेपेला नामदेव स्वतः सायकल मारत आला आणि म्हणाला, "बाई, आता बायकू म्हनती, जरा पडून ऱ्हावा की घटकाभर!"

*

मी दुसऱ्याच्या वतीनं बोलते, ही बातमी गावोगाव पसरली आणि माझं नाव पडलं वकीलबाई. कोर्टाची पायरी मी आजतागायत चढलेली नाही. लांबून दिसलं तरी मी रस्ता बदलते!

एकदा मारुंजीचे एक आजोबा सकाळच्या गाडीनं आले. बाकावर ऐसपैस बसले आणि सुरू झाले. भावानं बांध कोरलाय, दरसाल वीतभर आत घुसतोय, वकीलबाईंनी केस घ्यावी.

ताई म्हणाल्या, "अहो बाबा, आम्ही जमिनीचं बघत नाही. डोक्याचा त्रास असेल त्यांचंच बघतो."

"त्येच की! त्या बांधापायीच डोस्कं फिरलंया माजं. लिवा!"

"झोप लागते का?"

"न्हाई."

"जेवण जातं का?"

"भाऊ दिसला की न्हाई जात."

ताई माझ्याकडे बघायला लागल्या, मी हमीदभाईंकडे. ते आजोबांच्या सदऱ्याची उसवलेली शिवण न्याहाळत म्हणाले, "बाबा, भाऊ बी कालच येऊन गेला. त्याचं बी डोस्कं फिरलंया. त्यो म्हनतोय, बांध तुमी कोरलाय. गुरुवारी दोघं या, येकाच बाकावर बसवतो."

दोघंही आले नाहीत. पण त्यानंतर बांध कुणी कोरल्याचंही ऐकलं नाही.

*

हमीदभाईंचं बोलणं कमी. पण एकदा बोलले की टाका पक्का बसतो.

रघू म्हणून एक अबोल तरुण यायचा. बरोबर थोरला भाऊ, तो मात्र रेडिओसारखा. डॉक्टर रघूला विचारायचे आणि भाऊ उत्तर द्यायचा.

"झोप कशी आहे, रघू?"

"ब्येस हाय," भाऊ.

"भूक?"

"लागती की. दोन भाकरी खातो."

"मनात काही विचार येतात का?"

"छ्या! इचारबिचार काय न्हाईत!" हेही भाऊच.

मी रघूशेजारी बसून चुळबुळ करत होते. मध्ये कसं बोलायचं ते सुचत नव्हतं. डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहिलं आणि कागद पुढं केला. दाराशी उभे असलेले हमीदभाई अगदी अदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गोळी बी थोरल्यांनाच द्या. झोप त्यांची, भूक त्यांची, मग औषध तेवढं रघूला कशापायी?"

आणि रघू पहिल्यांदा बोलला.

"मी तीन भाकरी खातो," तो म्हणाला.

*

आता शेवंताबाई. त्यांच्याशिवाय माझा एकही किस्सा पुरा होत नाही.

चांद्याच्या. नवरा गेल्यावर त्यांचं मन बिघडलं, मोठ्या इस्पितळात काही वर्षं काढली, आणि बऱ्या होऊन थोरल्या दिरांच्या घरी परत आल्या. दिरांना सगळे तात्या म्हणतात. माणूस वाईट नाही, पण भ्यालेला. आजारपणात एकदा शेवंताबाईंनी चूल तशीच ढणढणत सोडली होती. ठिणगी उडाली, गोठ्याचं छप्पर पेटलं. बैल कसेबसे बाहेर काढले. तेव्हापासून घरात एक कायदा: धाकटीच्या हाती काडी द्यायची नाही.

पहिल्यांदा मी गेले तेव्हा त्या माळ्यावर जाऊन बसलेल्या. कितीतरी दिवस दिवसभर वरच. तात्या म्हणाले, "बगा, हे असं! शान्या मानसाचं लक्षण हाय का ह्ये?"

नियम काय? शेजारी बसायचं. शेजार वर होता! शिडी बांबूची, एक पायरी नाहीच. मी देवाचं नाव घेत वर गेले आणि कांद्यांच्या ढिगात त्यांच्या शेजारी टेकले.

"इथं का बसता, शेवंताबाई?"

"हितनं चूल दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "खाली बसलं की दिसती, आन् हात शिवशिवत्यात. ताट मिळतं गं मला. न्हाई कसं म्हनू? पर भूक माजी आन् येळ त्यांची. म्हनावं, माजी चूल येगळी मांडून द्या."

खालून तात्या, त्यांची बायको, शेजारपाजार, सगळे माना वर करून. तात्यांनी हाक दिली, "वकीलबाई, ती काय म्हनती?"

एक सांगायचं राहिलं. त्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत. बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. म्हणजे शेवंताबाईंना माझी गरज आजारामुळं नाही, घराच्या रितीमुळंच पडली होती!

मी माळ्यावरून सांगितलं, "त्या म्हणतात, माझी चूल येगळी मांडून द्या."

"न्हाई!" तात्या म्हणाले. "ह्या घरात तिनं काडी वढायची न्हाई, आन् तिच्या हातचं मी खायाचा न्हाई. लईच हट्ट केला तर डॉक्टरचा कागद घेतो आन् पुन्याला परत धाडतो!"

शेवंताबाईंनी एक कांदा उचलला, सोलला, परत ठेवून दिला. काही म्हणाल्या नाहीत. म्हणून मीही काही म्हटलं नाही.

उतरायची वेळ आली आणि माझी खरी परीक्षा! शिडीवर पाय ठेवला, खाली बघितलं, आणि तिथंच अडकले. ना वर, ना खाली. शेवटी शेवंताबाई माझ्या शेजारून, माळ्याची कड धरून, सरळ खाली उतरल्या, शिडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाल्या, "ये. डावा पाय आदी."

तात्या बघतच राहिले. "उतरली की!"

तात्यांची बायको, म्हणजे शेवंताबाईंच्या जाऊबाई, पदराआडून म्हणाल्या, "वकीलबाईंना रोज आना. रोज शिडीवर चडवा!"

*

पुढच्या गुरुवारी तात्या शेवंताबाईंना घेऊन पौडला आले. तात्यांना तो कागद हवा होता. डॉक्टरांनी लिहून दिलं की पुढची कारवाई होऊन गाडी पुण्याला. बाहेर बाकावर मी शेवंताबाईंना विचारलं, आत काय सांगायचं?

त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "हे? नक्की?"

"तूच म्हनली व्हतीस, जसंच्या तसं सांगती म्हनून."

आत गेलो. डॉक्टर आता सरावले होते. पेन खाली ठेवून म्हणाले, "हं. त्या काय म्हणतात?"

मी घसा साफ केला. "त्या म्हणतात, केंद्राची ही बाई लई दचकती. मांजरानं उडी मारली तरी किंचाळती. ती दचकली की मी दचकते, मी दचकले की घरचे म्हनत्यात, बिघडली. मला गोळी देता, तशी तिला बी द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "म्हणजे गोळी नक्की कोणाला?"

दाराबाहेर ताईंना खोकल्याची उबळ आली. निदान त्या तसं सांगतात!

डॉक्टरांनी शेवंताबाईंनाच विचारलं, "मग केंद्रातून दुसरं कुणी पाठवायला सांगू का?"

त्यांनी बराच विचार केला.

"नगं," त्या म्हणाल्या. "दुसरी शांत बसंल आन् सोताचंच सांगंल. हीच ऱ्हाऊ द्या."

पण तात्या कागदावर अडून बसले. आज घराला आग लागली तर डॉक्टर विझवायला येणार का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या गुरुवारी मीच चांद्याला येतो. बघतो, आणि तिथंच काय ते ठरवतो."

*

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. पुण्याहून येताना एस.टी.त मनातल्या मनात केवढं भाषण तयार केलं! औषध वेळेवर घेतात, झोप शांत आहे, आजारपणातल्या एका चुकीची शिक्षा जन्मभर का? हातवाऱ्यांसकट. शेजारची बाई सरकून बसली.

फाट्यावर ताई भेटल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मत पुण्याला ठेवलंयस ना?"

ठेवलं नव्हतं.

ताई डॉक्टरांसाठी फाट्यावरच थांबल्या. मी आधी चांद्याला पोचले आणि घरामागच्या परसात गेले. बघते तर तीन दगड मांडलेले, खाली जाळ, वर तवा, आणि शेवंताबाई भाकरी थापतायत! एका हाताला मिठाची करवंटी, दुसऱ्या हाताला पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर. जाऊबाई दारात उभ्या. "मी काय बी बगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ होतं.

"शेवंताबाई, आज, आजच्या दिवशी, चूल? तात्यांनी बघितलं तर कागद झालाच म्हणून समजा!"

"झाला तर झाला. डॉक्टर आला की म्हनावं, आदी जेवा, मग बोला."

"आणि?"

"आन् काय?"

"गोळ्या वेळेवर घेता ते सांगू? झोप लागते ते?"

"त्ये तुजं. माजं येवढंच."

नियम म्हणजे नियम. माझं सगळं भाषण त्या तव्यावर करपलं.

डॉक्टर आले. ओसरीवर घोंगडी अंथरली. एकीकडे डॉक्टर, ताई, हमीदभाई. समोर तात्या, भिंतीला पाठ लावून, हाताची घडी. शेवंताबाई दाराच्या आत, पदर डोक्यावर, तोंड फिरवून. मी उंबऱ्याशी, त्यांच्या शेजारी. धुराचा वास सगळ्यांनाच आलेला. तात्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "हं, काय म्हणतात त्या?"

"त्या म्हणतात..." भाषण जिभेवर आलं, ते गिळलं. पुन्हा सुरुवात केली. "त्या म्हणतात, आधी जेवा, मग बोला."

हमीदभाईंनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "मला तर कवाची भूक लागलीया."

जाऊबाईंनी ताटं आणली. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. एक ताट तात्यांसमोरही ठेवलं आणि त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या. डॉक्टर जेवायला लागले. पहिली भाकरी संपली, दुसरी संपली, तिसरी मागितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला होता. कुणी तात्यांकडे बघत नव्हतं. म्हणजे सगळे बघत होते, पण ताटाकडे बघितल्यासारखं करून!

तात्यांनी हाताची घडी सोडली. भाकरीचा एक तुकडा मोडला. पिठल्यात बुडवला. बराच वेळ चावला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. उत्तर द्यायचं होतं. मी सवयीनं मान वाकवून कान शेवंताबाईंच्या पदराजवळ नेला.

त्या माझ्या कानात बोलल्याच नाहीत. पदर मागं सारला, सरळ तोंड वळवलं आणि माझ्या डोक्यावरून भर ओसरीत म्हणाल्या, "मग उठा आन् घ्या!"

मी अशी दचकले की हातातला तांब्या माझ्याच मांडीवर उपडा झाला. आणि त्या गडबडीत तोंडातून सवयीनं निघून गेलं, "त्या म्हणतात, मग उठा आन् घ्या!"

"आयकलं," तात्या म्हणाले.

आणि उठले. मिठाची करवंटी परसातल्या चुलीपाशी होती.